टेबलाचा चौथा पाय

गॅरेजमध्ये कुठलीही गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट-बोल्ट उरतातच. गाडी तर चालू होते, मग हे कुठले? कोणालाच सांगता येत नाही. आपण ते डब्यात टाकतो आणि डबा भरत जातो. आमच्या पनवेलच्या गॅरेजमधले किस्से असेच साठले. त्यातले निम्मे फोर-व्हीलचे! म्हणजे जुनी जीप घेताना तिची पुढची चाकंही खरंच ओढतात की नुसती फिरतात, हे बघण्याच्या भानगडीचे.

गॅरेज उस्मानचाचांचं. मी आधी त्यांचा चेला, नंतर पार्टनर. दोन हजार सालानंतरची ती आठ-दहा वर्षं. आजूबाजूच्या गावांत जो तो जुनी जीप शोधत होता आणि घेण्याआधी आमच्याकडे आणत होता. चाचांचं सांगणं एकच.

"फोर-व्हीलचा लिव्हर खट्टकन पडला म्हणून खूश होऊ नको, मियां. चाकाने ऐकलं का, ते खाली झोपून बघ!"

* * *

एक एजंट यायचा. पांढरी सफारी, पांढरे बूट, कानाला कायम मोबाइल. एकदा जीप घेऊन आला. "चाचा, फोर-व्हील एकदम मक्खन!"

"मग चला खाडीवर," चाचा म्हणाले. "तुम्हीच चालवा."

ओहोटी होती. गाडी दहा पावलं गेली आणि बसली. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची दोन गप्प! एजंटला उतरून ढकलावं लागलं. परत आला तो एका बुटावर. दुसरा अजून तिथेच असेल.

महिन्याभराने एक छोटी कार घेऊन आला. आत येतानाच बूट हातात. "चाचा, ही टू-व्हीलवालीच आहे. आधीच सांगतो!"

* * *

कॉलेजातले एक सर जीपच्या प्रेमात पडले होते. गाडीच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'फोर बाय फोर' लिहिलेलं. मी खाली झोपलो. बघतो तर पुढच्या चाकांना ताकद पोचवायची सोयच नाही. कंपनीतूनच तशी आलेली, साधी गाडी!

सर ऐकायला तयार नाहीत. "अहो, पण दोन्ही बाजूंना लिहिलंय!"

चाचा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "सर, ती तिची इच्छा आहे!"

सरांनी ती गाडी घेतली. माणूस प्रेमात पडला की आपण तरी काय करणार?

* * *

आपटा गावाच्या बाजूला एक खडीवाले शेठ होते. त्यांच्या खाकी जीपचा फोर-व्हीलचा गिअरबॉक्स मी एकट्याने बांधला होता. आयुष्यातला पहिला. चाचांनी पाठ थोपटली होती, ते मी अजून विसरलेलो नाही. दुसरं जे विसरलो, ते पुढे येईलच.

महिन्याभराने शेठ हजर. "डिझेल फार पिते रे. पुढच्या चाकांचं काम बंद कर. ती नुसती फिरू देत!"

मी पुढचा शाफ्ट काढला. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लोखंडी दांडा. तो काढला की लिव्हर कितीही टाका, पुढे काही पोचत नाही.

"ठेव तुझ्याकडे. लागला तर नेईन," शेठ म्हणाले.

आठवड्यातच फोन! पाताळगंगेच्या वाळूत गाडी रुतलेली. "तो शाफ्ट घेऊन ताबडतोब ये!"

म्हटलं, "शेठ, येतो. पण तिथे यायलाच फोर-व्हील लागते!"

शेवटी बैलजोडीने गाडी काढली. शेठना ते इतकं आवडलं की शाफ्ट न्यायला ते कधी आलेच नाहीत.

* * *

आमच्याकडे चहाचं एक लाकडी टेबल होतं. एके दिवशी चाचा त्यावर टेकले आणि त्याचा पाय मोडला. चाचा खाली, चहा चाचांवर! मी कोपऱ्यातला तो शाफ्ट उचलला आणि तात्पुरता म्हणून टेबलाखाली लावला. असा मापात बसला की पुन्हा कोणी सुताराचं नाव काढलं नाही.

त्या टेबलावर रोज दुपारी हऱ्या जेवायचा. हऱ्या गव्हाणचा, शाळेपासूनचा माझा दोस्त. घरची मासेमारी. सकाळी पनवेलच्या बाजारात मासळी द्यायची, दुपारी आमच्याकडे भाकरी सोडायची. नवा पाय बघून त्याने त्यावर टिचकी मारली.

"चाचा, आता तुमचं टेबल पन फोर-व्हील झाला!"

चाचा इतके हसले की टेबल हलतंय का, तेही बघून झालं. नाही हललं.

* * *

हऱ्याला जीप हवी होती ती मिरवायला नाही. पावसाळ्याआधी होडी खाडीतून वर ओढून ठेवावी लागते. आधी त्या कामाला गावातली आठ-दहा माणसं यायची. आता सगळी बंदरात कामाला. हऱ्या आणि त्याचे म्हातारे वडील, दोघंच उरले. होडी वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली.

त्याने एक पांढरी जीप आणली. रंग नवा, पण बॉनेटच्या बिजागरीवरचा वेल्डिंगचा टाका माझा! "अरे, ही तर शेठची गाडी! हिचा गिअरबॉक्स मीच बांधलाय!"

मी लिव्हर टाकला. खट्ट! काय सुरेख आवाज!

"खाली झोप," चाचा आतून ओरडले.

त्या दिवशी मला एका हळदीला जायचं होतं. अंगात नवाकोरा पांढरा शर्ट. म्हटलं, "चाचा, घरची गाडी आहे. हिला काय बघायचं?"

हऱ्या म्हणाला, "तू हात लावलास ना? मंग झाला!"

हे सगळं आम्ही त्या टेबलाला टेकून बोलत होतो. माझा गुडघा त्या शाफ्टला लागत होता. आणि मला आठवलं नाही. गिअरबॉक्स बांधल्याचं आठवलं, पाठ थोपटल्याचं आठवलं, शाफ्ट काढल्याचं नाही!

पंधरा दिवसांनी हऱ्याने जीपला होडी बांधली. अर्ध्या चढावर मागची चाकं घसरली. पुढच्यांनी धरायला हवं होतं. गाडीसकट होडी मागे आली आणि दगडी धक्क्यावर आपटली. हऱ्याने कसाबसा ब्रेक धरला, म्हातारे बाजूला झाले, म्हणून माणसं वाचली. होडीचा तळ फुटला. म्हातारे तिच्याकडे पाठ करून घरी गेले, ते नंतर खाडीकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाणला गेलो आणि गाडीखाली झोपलो. जिथे शाफ्ट असायला हवा, तिथे मोकळी जागा होती. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. तेव्हा सगळं आठवलं.

वरून हऱ्याने विचारलं, "काय रं सुध्या, गाडीत काय हाय काय?"

मी म्हणालो, "नाही रे. चिखलच फार होता."

आयुष्यात बरंच खोटं बोललो असेन. एवढं एकच वाक्य परत घ्यावंसं वाटतं.

मग हऱ्या सगळ्यांना तेच सांगायचा. "सुध्या सोता बघून गेला. चिकलच लय होता." आणि सुकी मासळी विकायला बाजारात आला की रोज दुपारी त्याच टेबलावर भाकरी सोडायचा. चाचा एकदा टेबलाखाली बघायचे, एकदा माझ्याकडे. मला शाफ्ट काढून लपवता आला असता. पण काढला तर हऱ्या विचारणार, का काढला? आणि ठेवला तर तो समोर. अख्खा पावसाळा मी त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवलो. तो मात्र मला आग्रहाने तळलेले बोंबील वाढायचा!

* * *

गणपती झाले. एका दुपारी हऱ्या जीप घेऊनच आला. दारात उभी केली. खांद्यावर लाकडाचा एक तुकडा. फुटक्या होडीच्या डोलकाठीचा. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा झालेला.

तो थेट टेबलापाशी बसला. एका हाताने टेबल उचललं, शाफ्ट बाहेर काढला आणि तिथे तो तुकडा लावला. बरोबर मापात. माप कधी घेतलं होतं, देव जाणे.

टेबलावर हात दाबून म्हणाला, "बग, हलतंय काय?"

मी मान हलवली. नाही.

त्याने शाफ्ट उचलून माझ्या हातात दिला. "यो आता मोकला झाला. बसव."

चाचा उठून आत गेले. मी शाफ्ट घेऊन बाहेर आलो, जीपच्या पुढे गुडघे टेकले. तसाच खाली सरकायला लागलो.

मागून हऱ्याचा आवाज आला.

"सुध्या, आधी शर्ट काढ. मलंल."