आप्पा शहापूरची गल्ली पारखायला जातात

निपाणीहून निघाले त्या सकाळी माझी पेटी मोटारीच्या टपावर चढवायला दोन हमाल लागले. मी बारा वर्षांची, माझी लुगडी-पोलकी मोजकी, आणि पेटी उचलताना ते दोघे दणकट गडी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"अगं, भरलंयस तरी काय हिच्यात?" आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला विचारलं.

"पाटा-वरवंटा."

"आम्ही नुसती गल्ली बगायला चाललोय. ऱ्हायला न्हाय."

"व्हय की. पर बगून झाल्यावर चटणी वाटाय लागंलच न्हवं?" आई म्हणाली, आणि माझ्या वेणीचं टोक उगाचच पुन्हा घट्ट केलं. मोटार सुटली तेव्हा ती रडली नाही. "पेटी संबाळा," एवढंच ओरडून म्हणाली.

अनघा आणि निखिल, तुम्ही टोरांटोत नवं घर शोधताना तुमच्या या आजीला पाठवलेला तो नकाशा मी भिंग लावून पाहिला. हिरव्या रंगाचे भाग सुरक्षित, पिवळे बरे, लाल वाईट. घरबसल्या सगळं कळतं, हे छानच आहे. आमच्या वेळी हे काम आप्पांनी स्वतः चालून केलं. ते कसं केलं, ते तुम्हाला क्रमाने सांगते.

महायुद्ध सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. आमच्या निपाणीच्या शाळेत मुलींसाठी इंग्रजीचा वर्ग नव्हता. मला इंग्रजी शिकायचं होतं, आणि त्यासाठी बेळगावला राहणं भाग होतं. सोबतीला माझी आत्या येणार होती. ती आप्पांची थोरली बहीण, विधवा, आणि जगात कुणालाही न भिणारी. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने बेळगावला लागूनच असलेल्या शहापुरात विणकरांच्या गल्लीतली एक खोली सुचवली होती. आप्पांची अट एकच होती. गल्ली आधी ते स्वतः पारखणार. पसंत पडली तर शाळा. नाही पडली तर मला परत नेणार आणि चिकोडीच्या स्थळाला होकार कळवणार. चिकोडीचा तो मुलगा मी पाहिलेला नव्हता. त्याला घोड्यांची आवड आहे एवढं ऐकलं होतं, आणि मला घोड्यांची भीती वाटायची.

आप्पा तंबाखूच्या वखारीत माल पारखत असत. पान चिमटीत चोळायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि बोलायचं. निपाणीत त्यांच्या नाकाला मान होता. त्यामुळे माणसं, म्हशी, जावई आणि गल्ल्या हे सगळं आपल्याला तसंच पारखता येतं, असा त्यांचा समज झाला होता.

"सांगून गेलो तर गल्ली सावध व्हती," मोटारीत ते आत्याला समजावत होते. "जुडीत वरची पानं चांगली लावत्यात आणि आत भुसा. न सांगता जायाचं."

टांगेवाल्याने आम्हाला गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळात सोडलं, पेटी कशीबशी कट्ट्यावर ढकलली आणि कंबर धरून तो निघून गेला. आत्या आणि मी पेटीवर बसलो. आप्पांनी फेटा नीट केला, छत्री काखेत घेतली आणि एकटेच गल्लीत शिरले.

गल्लीतून मागांचा आवाज येत होता. घराघरात माग, खटक-खटक, खटक-खटक, जणू अख्खी गल्लीच काहीतरी चावत बसली होती. आप्पा पहिल्या घरापाशी पोचले आणि तिथला माग थांबला. दुसऱ्या घरापाशी गेले, तो थांबला. तिसरा थांबला. आप्पा पुढे जातील तशी पुढची घरं गप्प होत गेली, आणि मागची घरं, जरा वेळाने, बिचकत पुन्हा वाजू लागली. आप्पा मला दिसत नव्हते, पण ते कुठपर्यंत गेले हे मला देवळातून अचूक सांगता आलं असतं.

ते परतले ते कपाळाला आठ्या घालून.

"आक्का, गल्ली वाईट हाय. मी गेलो की सगळी चिडीचूप. काय लपवत्यात कुणास ठाऊक. चांगल्या माणसाला हात थांबवायचं काय कारण?"

"अजून एकदा बग," आत्या म्हणाली. तिला पाय पसरून बसायला मिळालं होतं.

ते पुन्हा गेले, पुन्हा तेच झालं. या वेळी त्यांनी दारांतून आत वाकून पाहिलं म्हणे. तिसऱ्या खेपेला त्यांनी परीक्षाच घेतली. एका घराच्या भिंतीला छत्री टेकवून ठेवली, गल्लीला वळसा घातला आणि परत येऊन पाहिलं. छत्री नव्हती!

"झालं," आप्पा देवळात येऊन म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि आनंद जास्त होता, कारण त्यांचं नाक खरं ठरलं होतं. "दिवसाढवळ्या चोरी. उठा. दुपारच्या मोटारीनं परत."

मला समोर घोडाच दिसू लागला. मी आत्याकडे पाहिलं. आत्या पेटीवरून हलली नाही.

"उचल," ती म्हणाली.

"काय?"

"पेटी. तुझ्या बायकूनं भरलीया, तूच उचल."

आप्पांनी कडी धरून ओढली. पेटी जागची हलेना. ते हमाल शोधायला रस्त्याकडे वळणार, तेवढ्यात गल्लीतून माणसं येताना दिसली. पुढे एक उंच, नऊवारी नेसलेली म्हातारी, तिच्या मागे केसांत सुताचा कापूस अडकलेले विणकर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. म्हातारीच्या हातात आप्पांची छत्री होती. आप्पा देवळाच्या खांबाआड सरकले.

"बाई, तुम्ही कवापासनं बसलाय इथं?" म्हातारीने आत्याला विचारलं. "एक फेटेवाला बगितला काय? तीनदा गेला गल्लीतनं. दारात वाकून बगतोय. आणि शेवटी माझ्या भिंतीला ही खूण ठेवून गेला. राती याच घरात शिरायचं म्हणून."

आत्याने सावकाश पदर सारखा केला.

"काळा हाय? नाक मोठं?"

"व्हय, व्हय! वळकता?"

"थोडा वळकते. माझा भाऊ हाय. त्या खांबामागं हाय."

आप्पा बाहेर आले. निपाणीच्या वखारीत ज्यांच्यासमोर व्यापारी श्वास रोखून उभे राहत, ते माझे आप्पा शहापूरच्या बायापोरांच्या गराड्यात उभे होते. म्हातारी, म्हणजे काशव्वा, त्यांना आपादमस्तक न्याहाळत होती, अगदी पान चोळून बघावं तशी.

"गाव?"

"निपाणी."

"कुणाचं?"

आप्पांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वखारीचं सांगितलं. ओळखीच्या व्यापाऱ्याचंही सांगितलं.

"मग सरळ यायचं सोडून तीनदा का फिरलास? घर बगायला आलतास तर हाक मारायची. चोरागत दारात का वाकतोस रं?"

मागे एक विणकर हसला. "तुमच्यामुळं आमचं हातभर कापड राहिलं न्हवं. एक नवा माणूस दिसला की उठून बगावं लागतंय, कोण हाय म्हणून."

आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी हललं. मागांच्या शांततेचा अर्थ त्यांच्या नाकात शिरत असावा. पण काशव्वाचं संपलं नव्हतं.

"खोली माझीच हाय. पर असल्या घरच्या माणसांना द्यावी का न्हाय, ते आता मला बगाय लागंल. आमच्या गल्लीत पोरीबाळी हाईत."

आत्याने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे हे फक्त मला कळलं. आणि आप्पा, जे गल्ली नाकारायला आले होते, ते गयावया करू लागले.

"मावशी, तसं न्हाय. मी... पोरगीला शिकवायचंय. इंग्रजी. पोरगी लई हुशार हाय आमची. निपाणीत तिला शिकायला जागा न्हाय. परक्या गावात टाकून जायाचं, म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून फिरलो."

मी हुशार आहे हे आप्पांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बहुधा त्यांनीही. एवढ्या लोकांसमोर बोलून गेल्यावर ते परत घेण्याजोगं राहिलं नाही. चिकोडी तिथेच, मारुतीच्या कट्ट्यावर, संपली.

काशव्वाने माझ्याकडे पाहिलं. "इंग्रजी शिकून काय करणार गं?"

"वाचणार," मी म्हटलं.

"वाच बाई. आम्हाला बी वाचून दाव." मग विणकरांकडे वळून म्हणाली, "पेटी उचला रं." चौघांनी उचलली. एकाने विचारलं, आत देव आहेत का.

आप्पा निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "माल चांगला हाय." पुढे आयुष्यभर ते सगळ्यांना सांगत, शहापूरची गल्ली मी एका फेरीत ओळखली.

पहिले काही दिवस मी शाळेला निघाले की माग थांबायचे. दप्तर छातीशी धरून त्या शांततेतून चालताना मला वाटायचं, आपल्या पायांचा केवढा आवाज होतो. मग एका दुपारी परत येताना लक्षात आलं, सगळे माग वाजताहेत. कुणी उठलं नाही. मी धावत घरी जाऊन आत्याला सांगितलं, आज माझ्याकडे कुणी बघितलंच नाही.

"मग आता तू चोर न्हाईस," ती म्हणाली आणि वरवंट्याला हात घातला.

दिवाळीला निपाणीला गेले. आमच्या बोळात बाया ओट्यावर बसून तंबाखूची पानं निवडत होत्या. मला पाहून त्यांचे हात थांबले. "कोण गं तू? कुणाकडं?" जन्मापासून ओळखणाऱ्या बाया! मग ओळख पटली, हसल्या, गालावरून हात फिरवले. पण ते थांबलेले हात माझ्या मनातून गेले नाहीत. आईला ते सांगावंसं वाटलं, आणि सांगितलं नाही. पेटी सहज परत फिरू नये म्हणून तिच्यात दगड घालून तिने मला पाठवलं होतं. त्याची किंमत तिला माझ्याआधी कळली असणार.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी अजूनही आधी निपाणी म्हणते आणि मग शहापूर. दोन्हीत खोटं काही नाही. शहापुरात मला न बघता ओळखत, निपाणीत मी आले की सगळे बघत. माणसाला दोन्हीची गरज पडते, असं आता वाटतं.

अनघा, तू फोनवर म्हणालीस की तुमचा भाग पूर्ण हिरवा आहे, आणि राहायला जाऊन तीन महिने झाले तरी शेजारी कोण राहतं ते तुला ठाऊक नाही. बाळा, गल्ली तुझी पारखून झाली. आता गल्लीला तुला पारखू दे. वाटीभर काहीतरी गोड करून शेजारचं दार वाजव. आत एखादी म्हातारी असेल तर ती तुला दारातच उभी करून खूप प्रश्न विचारील. कंटाळू नकोस. पगार सोडून सगळं सांग.