वास घेतलेलं फूल

ती बाई रोज सकाळी फिरायला यायची आणि जाता जाता आमच्या कुंपणावरचे देशी गुलाब तोडायची. छत्रीच्या दांड्याने फांदी वाकवायची, फूल अलगद पिशवीत टाकायची. माझी बायको खिडकीतून ओरडायची, "काहून वं बाई, तुझ्या देवाले दुसरी बाग दिसत नाही का?"

"तुमचेच आवडते त्याले," म्हणत ती सावकाश पुढे जायची. उरलेली फुलं बायको फुलदाणीत मांडायची.

दिवाळीनंतर बायको गेली. झाडं मात्र थंडीत भरभरून फुलली. मी पाणी घालत होतो, तेवढंच. फुलं फांदीवरच गळायची. ती बाईही नुसती पाहून निघून जायची.

एकदा मीच फाटकाशी गेलो. "सगळी न्या. मला घरात फुलं बघवत नाहीत. आता ओरडणारंही कोणी नाही."

"म्हणूनच तर तोडवत नाही," ती म्हणाली. "वहिनी भांडत होत्या तवा घरचंच वाटे. आता चोरी वाटून राहिली."

तरी तिने एक टपोरं फूल तोडलं आणि नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. ते तिने माझ्या हातात दिलं.

"हे आता देवाच्या कामाचं नाही. घरात ठेवा."

फुलदाणीत जुन्या पाण्याची रेघ सुकली होती. घासूनही ती निघाली नाही. मी फुलदाणी तशीच पाण्याने भरली.