पार्टांचे पाय

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मंडळ होतं. दर ऑगस्टात हे मंडळ नव्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घ्यायचं. प्रत्येकापुढं तळहाताएवढा बोर्ड, दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टन्स आणि दोन बारके लाल दिवे. चार तासांत सगळं शिशानं जोडायचं आणि बॅटरी लावायची. दिवे आलटून पालटून लुकलुकले की सीनियर टाळ्या वाजवत, पाहुणे गुलाबाचं फूल देत, फोटोवाला फोटो काढी. ज्याचे दिवे लागले तो त्या दिवसापासून मंडळाचा.

माझे लागले नव्हते.

विभागप्रमुख सर पाहुण्यांना घेऊन टेबलापाशी आले. बोर्ड हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला.

"कुठली तू?"

"शिरड शहापूर."

"मग बरोबर आहे. खुरप्याच्या हाताला सोल्डरगन कशी जमायची?"

पाहुणे हसले, म्हणून वर्ग हसला. त्या दिवशी आम्हा सहा जणांचे दिवे लागले नाहीत आणि सहाही जण खेड्यांतून आलेले होते, असं निदान मला तेव्हा दिसलं. त्यातल्या दोघांनी दिवाळीच्या आत विषय बदलला. सगळे गेल्यावर प्रयोगशाळेतल्या मावशी बोर्ड गोळा करायला आल्या. माझा बोर्ड उचलताना हळूच म्हणाल्या, "रडू नको. तुझा हात न्हाई चुकला."

मला वाटलं, त्या समजूत घालतायत. त्या मला माहिती देत होत्या, हे कळायला एक वर्ष गेलं.

मावशी पुसेगावच्या वाटेवरच्या तांड्यावरून सकाळच्या गाडीनं यायच्या. प्रयोगशाळा उघडणं, टेबलं पुसणं, कपाटाची किल्ली सांभाळणं हे त्यांचं काम. अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. नवरा नव्हता, एकुलती लेक सासरी दिली होती. कायम होण्यासाठी त्यांची फाईल दोनदा वर गेली आणि दोनदा परत आली होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्या येईल त्याला सांगायच्या, "औंदा कायम होते बघ. मंग तुमाला माझी टेबलं पुसावी लागतील."

माझ्या घराविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि संघटनेचे कार्यकर्ते. बाजेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. पाटीवर 'कमळ' यायच्या आधी मला 'जाहीर' वाचता येत होतं. पत्रक कसं लिहावं हे वडिलांनी मला एका वाक्यात शिकवलं होतं: काय झालं ते सांगायचं, कुणी केलं ते सांगायचं, आणि आपल्याला कुणी सांगितलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही. हे वाक्य मी कधी तपासून पाहिलं नाही. आईच्या दुधासारखं ते पिऊन टाकलं.

दुसऱ्या वर्षी मी मंडळाची सचिव झाले. चिडूनच झाले. कार्यशाळा आमच्या तुकडीनं घेतली. त्याही वर्षी काहींचे दिवे लागले नाहीत. त्याही वर्षी सर हसले आणि वर्ग हसला. आठवड्यानं एका दुपारी माझी विसरलेली छत्री आणायला मी प्रयोगशाळेत गेले, तर दार नुसतं लोटलेलं आणि आत जळक्या राळेचा वास. मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. पुढ्यात आमच्या नव्या पोरांचे सगळे बोर्ड. एका हातात तापलेली गन, दुसऱ्या हातात चिमटा. शिसं वितळलं की बोर्ड टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायच्या, शिशाचा थेंब खाली पडायचा आणि पार्ट सुटा व्हायचा.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"दिसत न्हाई का? काढून राहिले."

"काहून?"

"पुढल्या वर्सी लावायला."

"दरवर्षी काढता?"

"अकरा वर्सं. तुमी लावता, मी काढते. तुमच्याहून माझा हात साफ हाये. आमच्या आईनं घागऱ्याला आरसे लावायला बसवलं व्हतं लहानपनी, त्याच्यापुढं हे काहीच न्हाई."

कपाटाच्या खालच्या कप्प्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या होत्या. त्यांनी एक डबी माझ्या तळहातावर उपडी केली. रेझिस्टन्स होते, पण त्यांचे पाय, म्हणजे बोर्डात घालायच्या तारा, भाताच्या शिताहून आखूड.

"लावताना तुमी पाय कापता. काढताना अजून तुटतो. पाय कापून कापून या पार्टायला आता उभं राहायला जागा न्हाई."

"मग हे चालतात का?"

"काही चालतेत, काही मेलेले असतेत. इतक्या बारीनं तापवलं तं मानूस बी मरंल. मागल्या वर्सी तुझ्या बोर्डावर मेलेला आलता. मला तवाच वाटलं व्हतं, दुसऱ्या दिवशी मीटर लावून बघितला ना."

मीटर लावायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं टेबलं पुसता पुसता बघितलं होतं. फाईल वाचता येत नव्हती, पण मीटरचा काटा बरोबर कळायचा. आणि मंडळाच्या फाईलमध्ये काय लागतं हे मला, सचिव म्हणून, ठाऊक होतं. दर वर्षी नव्या सामानाची पावती आणि शेजारी गुलाबाच्या फुलासकट फोटो. तपासणीला येणारे तेवढंच बघत.

"सरांना माहीत आहे?"

"सरायनंच लावलं मला या कामाला. सामान येत न्हाई म्हनले, तूच काढून ठेव." मग त्यांनी गन खाली ठेवली. "हे बघ बाई, कुठं बोलू नको. माझी फाईल वर गेलीय. ती येऊ दे, मंग काय बोंबलायचं ते बोंबल."

"नाही बोलणार, मावशी."

बोलणार नाही म्हणाले होते. लिहिणं मी वेगळं धरलं.

ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. खेड्यातल्या पोरांच्या हाताला दोष देता आणि त्यांच्या हातात मेलेले पार्ट ठेवता, हा त्याचा गाभा होता. गाभा खरा होता, आजही मी त्यातलं एक अक्षर मागं घेणार नाही. पण मथळा सुचेना. 'विद्यार्थ्यांची फसवणूक' लिहून पाहिलं, 'कार्यशाळेचं ढोंग' लिहून पाहिलं. दोन्ही शिळे वाटले. शेवटी मावशींचं वाक्य जसंच्या तसं वर टाकलं: 'पाय कापून कापून या पार्टायला आता उभं राहायला जागा न्हाई.' खाली डब्या, कप्पा, टेबलाच्या कडेवरचा ठोका, सगळं आलं. नाव कुणाचंच नाही.

हिंगोलीच्या बाजारगल्लीत एक चाचा अजून खिळे जुळवून छपाई करायचे. वडिलांची पत्रकंही त्यांच्याकडंच छापली जायची. ते उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचत. मजकूर जुळवून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"बेटा, नाम नहीं डाली तू किसी का."

"नाही चाचा. आमच्याकडं टाकत नाहीत."

"मगर ये ऊपर की लाइन कालेज की नहीं है. ये कोई बोला है. जो बोला उसका मुँह दिखता इसमें."

"म्हणून तर चांगली आहे ना?"

"अच्छी है. इसीच वास्ते बोलता हूँ, निकाल."

मी काढली नाही. पत्रकातली एकच ओळ माझी नव्हती, आणि तीच सगळ्यात चांगली होती.

दुसऱ्या दिवशी फाटकावर आम्ही चौघींनी पत्रक वाटलं. त्या सकाळइतका आनंद मला पुढं कशानंच झाला नाही, हेही लिहून ठेवते. दिवे न लागलेली पोरं पत्रक दोनदा दोनदा वाचत होती. एक जण स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. अकरा वाजता आमचा तास होता. सर प्रयोगशाळेत आले, पत्रक टेबलावर पसरून उभ्यानं वाचू लागले. मावशी फळा पुसत होत्या. सरांनी मथळा मोठ्यानं वाचला. एकेक शब्द सुटा करून, 'पार्टायला' वर थांबून. मग मान वर करून मावशींकडं बघितलं.

मावशींनी फळा पुसायचं थांबवलं नाही. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

चौकशी झाली. कपाट उघडलं गेलं, डब्या निघाल्या. पावत्यांप्रमाणं नवं सामान आलेलं आहे, ते जागेवर नाही, त्याऐवजी जुनं ठेवलेलं आहे, आणि किल्ली एकाच व्यक्तीकडं असते, असं लिहिलं गेलं. नवं सामान बाजारात विकलं असावं. विकलं असावं, एवढ्यावर काम भागलं.

मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. तिघे जण बसले होते. आमचे सर मधे.

"पत्रक तुझं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्यावर काही कारवाई करायची नाही. फक्त एवढं लिहून दे, की हे तुला कुणी सांगितलं."

"सांगणार नाही."

"बघ, विचार कर."

"मरेपर्यंत सांगणार नाही."

दार उघडं होतं. बाहेर स्टुलावर मावशी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघून बारीकशी मान हलवली, म्हणजे घाबरू नका, मी नाव घेतलेलं नाही. त्या माझ्याकडं एकटक बघत राहिल्या. त्या नजरेत मी कृतज्ञता वाचली. पत्रकांवर वाढलेल्या पोरीला माणसाचा चेहरा वाचता येत नव्हता.

सरांना माझं उत्तर सोयीचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मावशींनी मला दाखवलं, सरांच्या सांगण्यावरून अकरा वर्षं त्या पार्ट काढतायत, एवढं मी लिहिलं असतं तर त्यांच्या बाजूनं एक कागद उभा राहिला असता. मी तत्त्व उभं केलं. पंधरा दिवसांत विभागाच्या शिक्क्यानिशी मावशींना कामावरून काढल्याचं पत्र निघालं. कारण: सामानाचा अपहार.

पुढच्या ऑगस्टात कार्यशाळेला कोरं सामान आलं. लांब, चकचकीत पायांचे रेझिस्टन्स. मी स्वतः पाकिटं फोडली. जवळजवळ सगळ्यांचे दिवे लागले. पोरं ओरडली, मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी होतं. संध्याकाळी फरशीभर कापलेल्या तारांचे तुकडे पडले होते. नवा परिचर ते झाडत होता. झाडता झाडता म्हणाला, "आधीची ती चोरटी बाई इथंच होती ना?"

त्याच आठवड्यात मी तांड्यावर गेले. मावशी दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदत होत्या. बांधावर येऊन बसल्या, पाणी प्यायल्या.

"मावशी, मी तुमचं नाव नाही घेतलं."

"तेच तं." त्यांनी खुरप्याची माती अंगठ्यानं काढली. "तू घेतलं असतं, तं मी कोन ठरले असते? तोंडाळ. तोंडाळ म्हनून काढली असती, घरी आले असते, बस. आता चोर म्हनून आले. लेकीच्या सासरी कळलं. तिला माहेरी धाडत न्हाईत. चोरटीच्या घरी कशाला जाते, म्हनतेत."

मी लिहून नेलेला कागद काढला. दोन पानं. मावशी निर्दोष आहेत, खरं काय झालं, सगळं, खाली माझी सही. त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"तिथं वाचशील? व्याह्यापुढं?"

रविवारी आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडं, लेकीच्या सासरी गेलो. गाडीतून उतरून कालव्याच्या कडेनं चालत. व्याही दारात बाजेवर बसले होते. लेक पाणी घेऊन आली, आईकडं बघितलं आणि चौकटीपाशीच थांबली. मी उभ्यानं वाचलं, सभेत वाचतात तसं, आवाज चढवून. व्याही शेवटापर्यंत ऐकत होते. मग कागद मागून घेतला, पुढून बघितला, उलटा करून मागून बघितला.

"लिहिलं लई बराबर. शिक्का कुठंय?"

"शिक्का नाही. माझी सही आहे."

"तुमी कोन तिथं?"

"विद्यार्थिनी."

"काढल्याच्या कागदावर शिक्का व्हता, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. लेक आत गेली.

परतताना कालव्यावर मावशींनी विचारलं, "तो शिक्का कोनापाशी राहतो?"

"सरांपाशी."

"मंग उद्या जा."

मी गेले. तोच मजकूर नव्यानं लिहून नेला. या खेपेला पहिल्या ओळीतच मावशींचं नाव होतं, आणि त्यांनीच मला दाखवलं हेही. सरांनी सावकाश वाचलं. शिक्का त्यांच्या टेबलावरच होता, शाईच्या पॅडशेजारी.

"हे गेल्या वर्षी विचारलं होतं तुला," ते म्हणाले, आणि शिक्क्याला हात न लावता कागद माझ्याकडं सरकवला.