सासूबाई आणि बुडालेलं जहाज

बेकरीची भट्टी मुलाच्या ताब्यात देऊन सासूबाई घरी बसल्या खऱ्या, पण स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. घरातली सगळी कपाटं लावून झाली, तशा त्या शेजाऱ्यांची लावायला निघाल्या. तेव्हा सुनेनं हात जोडले. "आई, त्यापेक्षा माझ्याबरोबर डायव्हिंगला चला. पोहता येतं ना तुम्हाला?"

सून सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी फिरून यायची. सासूबाई नुसतं बघायला म्हणून गेल्या आणि पाठीवर सिलेंडर बांधूनच थांबल्या. पीठ मळून मळून खांदे असे तयार झाले होते की त्या वजनाचं त्यांना काही वाटेना. साठीला टेकलेली ही बाई पाण्याखाली बुडबुडे सोडत मुकाट्यानं बसते, हे मात्र घरात कुणाला पटेना. डायव्हिंग शिकल्याचं पहिलं कार्ड हातात आलं, तेव्हा त्यांनी ते बेकरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. त्या कार्डाची मर्यादा होती अठरा मीटर.

आणि पहिल्याच सहलीत बोट थांबली ती अशा जागी, जिथे एक मालवाहू जहाज बुडून पडलं होतं. पार अठ्ठावीस मीटरवर.

"चला काकू," बोटीवरचा गाईड म्हणाला, "दहा मीटरनं काय होतंय? मी आहे ना!"

"तू आहेस रे बाबा. पण खाली माझा श्वास तू घेणार आहेस का?"

बोटीवर हशा पिकला. सून कानकोंडी झाली. "अहो आई, सगळे जातायत. मी तुमचा हात क्षणभरही सोडणार नाही."

"आणि तुलाच काही झालं तर? तेवढ्या खोलात तुला सावरायला मी शिकलेली नाही गं. तू जा त्यांच्याबरोबर, मी बसते."

सून गेली. सासूबाई बोटीच्या कडेला पाय सोडून बसल्या. तासाभरानं सगळे वर आले ते जहाजाचं गुणगान करतच. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. "बघा, आलो की नाही धडधाकट?" गाईडनं चिमटा काढलाच. सासूबाईंचा नुसता जळफळाट झाला. घराच्या उंबरठ्यावर चपला काढता काढता त्यांनी एवढंच विचारलं, "ते तीस मीटरचं पुढचं कार्ड कुठे मिळतं?"

पुढच्या कार्डानं त्यांना घाम फोडला. प्रशिक्षिका कडक. होकायंत्र बघून सरळ जायचं, तर सासूबाई गोल फिरून भलतीकडेच निघाल्या. पुन्हा केलं, पुन्हा फसलं. चौथ्यांदा जमलं. मग खोल उतरायचा दिवस आला. तळाशी प्रशिक्षिकेनं त्यांच्यापुढे पाटी धरली. साधी बेरीज. जन्मभर तोंडी हिशोब केलेल्या बाईनं झटक्यात उत्तर लिहून ऐटीत पाटी परत केली. वर येऊन बघतात तर उत्तर साफ चुकलेलं.

"एवढ्या खोल पाण्यात कधी कधी श्वासातल्या हवेचाच डोक्यावर असा अंमल चढतो," प्रशिक्षिका म्हणाली. "कुणालाही होऊ शकतं."

"चुकलं त्याचं काही नाही हो. पण चुकतंय हे मला कळलंसुद्धा नाही!"

घरी त्यांनी ही फजिती रंगवून सांगितली. मुलगा पोट धरून हसला. सुनेला मात्र हसू येईना. "आणि मी तुम्हाला हात धरून न्यायला निघाले होते," ती म्हणाली. तेव्हापासून दोघी पाण्यात शिरण्याआधी सगळं ठरवून घ्यायच्या: किती खोल जायचं, किती हवा उरली की मागे फिरायचं. आणि दोघींपैकी एकीनं जरी अंगठा वर केला, तरी का म्हणून न विचारता वर यायचं.

कार्ड मिळालं आणि बोट पुन्हा त्या जहाजापाशी थांबली.

"काय काकू, या वेळी तरी?" गाईडनं विचारलं.

"सिलेंडर माझा मी तपासलाय, सुनेचाही बघितलाय. तू आता वाटेतून बाजूला हो."

दोरीच्या कडेनं त्या सावकाश उतरल्या, कान मोकळे करत, हवा आणि खोली दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवत. निळ्या धूसर पाण्यातून आधी डोलकाठी दिसली, मग अख्खं जहाज. डेकवर शेवाळाचा गालिचा, कठड्यांवर झुलणारी प्रवाळं, आणि कप्तानाच्या खिडकीतून डोकावणारा एक जाडजूड मासा. सासूबाई डेकवर अशा तरंगत राहिल्या की खालचं शेवाळसुद्धा हललं नाही.

सुनेनं आतल्या काळोखात जाणारा उघडा दरवाजा दाखवला. सासूबाईंनी तर्जनी हलवून नकार दिला. आत शिरायचं शिक्षण दोघींनीही घेतलं नव्हतं. सुनेनं कान पकडले आणि दोघी बाहेरूनच जहाजाला वळसा घालून आल्या. सुकाणूपाशी हवेचा काटा ठरलेल्या आकड्यावर आला. नेमका तेव्हाच चंदेरी माशांचा थवा जहाजावरून वळत येत होता. सासूबाईंनी तो डोळे भरून पाहिला आणि अंगठा वर केला. घाई न करता, पृष्ठभागाखाली ठरल्याप्रमाणे थांबून, त्या वर आल्या.

बोटीवर पाय ठेवला आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की नावाडी दचकून उभाच राहिला. सुनेला त्यांनी ओल्या मिठीत आवळलं. "बघितलंस गं? आपण बघितलं! आपल्या हिमतीवर बघितलं!" सून गुदमरून "आई, श्वास!" म्हणेपर्यंत त्यांनी काही तिला सोडलं नाही.