ठाकुरांच्या दारावरून ढकललेली गाडी

कोल्हापूर सोडलं तेव्हा चांगलीच थंडी होती. माझी बायको रंजना स्वेटरवर माझं जुनं जाकीट चढवून बुलेटवर मागं बसली होती. थोरली सासरी गेलेली, धाकटा पुण्याला शिकायला. रंजनाला शाळेची रजा, मला कचेरीची. "वाळवंट बघायचं तर गाडीवरनंच," हा तिचा हट्ट.

शेजारचे अण्णा गॅलरीतून ओरडले, "बाई, कंबर सांभाळा! राजस्थान म्हंजे काय हुपरी न्हवं!"

"तुमी तेवढं आमच्या कुंड्यास्नी पाणी घाला," रंजना म्हणाली, आणि आम्ही निघालो.

गुजरात सरळ रस्त्यानं संपला. जोधपूरला मिरचीवडा खाऊन रंजनानं "ह्यात मिरची कुठाय?" असं विचारलं. जैसलमेरचा किल्ला बघितला, उंटावर बसलो, उतरताना मी तोंडावर पडलो. इथवरचं मी सगळ्यांना सांगत आलोय. पुढचं नाही.

जैसलमेरहून परतताना कुणीतरी सांगितलेल्या जवळच्या वाटेला लागलो आणि गोंधळलो. आपल्याकडं वाट चुकली तरी एका अंगाला ऊस असतो, दुसऱ्या अंगाला नदी. कुठल्या तोंडानं निघालोय ते कळतं. इथं चहूकडं एकच वाळू, मधूनच एखादी खेजडी (आपली शमी). तेवढ्यात मागचं चाक पंक्चर झालं. दुपार कलली होती. गाडी रेटत एका ढाणीवर (चार-दोन झोपड्यांची वस्ती) पोचलो. पाणी संपलेलं.

कुंपणाच्या आतून एक माणूस आला. रापलेला, डोक्याला फिकट फेटा. लांबूनच त्यानं विचारलं, "कौन लोग हो?"

आम्ही बौद्ध. वडिलांनी धर्मांतरानंतर जुन्या जातीचं नाव घरात कुणाला उच्चारू दिलं नाही. कोल्हापुरात मला कधी खोटं बोलावं लागलं नाही, कारण तिथं बोलून उपयोगच नसतो. आडनाव ऐकलं की समोरच्याला समजतं. इथं आडनावाला काही अर्थ नव्हता. कुणी ओळखणारं नव्हतं. घसा कोरडा होता. मी म्हणालो, "मराठा."

त्या माणसाचा चेहरा पडला. तो दोन पावलं मागं सरला. "फिर हमारा पानी कैसे पीओगे, साब? हम मेघवाल हैं." गावात ठाकुरांचं (राजपूत जमीनदारांचं) घर आहे, मी पळत जाऊन तिथून तुमच्यासाठी पाणी आणतो, असं तो अजिजीनं सांगू लागला. मेघवाल म्हणजे तिकडचे आपल्यासारखेच, गावाबाहेर ठेवलेले. ह्याच माणसापुढं मी मोठ्या जातीचा बनलो होतो.

रंजना सरळ आत गेली, मडक्यावरचा गडवा उचलला आणि घटाघटा प्यायली. मग मला गडवा देताना मराठीत म्हणाली, "तुमी बोल्लासा, तुमीच निस्तरा. मी तोंड उघडणार न्हाय."

त्याचं नाव मालाराम. मी पंक्चर काढेपर्यंत त्याच्या बायकोनं बाजरीचे सोगरे (जाड भाकऱ्या) भाजले, वर लसणाची लाल चटणी. आम्हाला खाट दिली आणि तो स्वतः खाली वाळूत बसला.

"मालारामजी, मी खोटं बोललो," मी हिंदीत म्हणालो. "हम बौद्ध हैं."

"अच्छा," तो म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मग वडिलांनी बंद केलेला तो शब्द मी उच्चारला. तोही त्याला माहीत नव्हता. शेवटी म्हणालो, "आपके जैसे ही हैं."

तो हसला. "बड़े लोग ऐसे ही बोलते हैं, साब. गाड़ी तो देखो अपनी!"

रंजनाकडं बघितलं. ती चटणी चाटत होती.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी रस्ता दाखवायला मालाराम बरोबर निघाला. तो पुढं चालत, आम्ही गाडीवर हळूहळू मागं. गावात शिरल्यावर ठाकुरांच्या मोठ्या घराच्या अलीकडं तो थांबला, पायातली जुती काढून हातात घेतली. म्हणाला, आमच्यातला माणूस या दारावरून काही चालवत जात नाही. सायकल असली तरी उतरतो. "आप बैठे रहो. आपको क्या."

मी इंजिन बंद केलं आणि उतरलो.

"उतर," रंजनाला म्हणालो.

"मी उतरणार न्हाय."

"अगं, वाळूत गाडी..."

"ढकला की!"

ती ताठ बसून राहिली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून. मी बुलेट ढकलू लागलो. चाक रुतलं. मालाराम एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. काय समजायचं ते समजला असावा, किंवा नसावा. त्यानं जुती काखेत मारली आणि मागून जोर लावला. दारातल्या खाटेवर एक म्हातारा हुक्का ओढत बसला होता.

"खराब हो गई क्या?" त्यानं विचारलं.

"हाँ हुकम, बिगड़ गई," मालाराम म्हणाला आणि आणखी जोरात ढकलू लागला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

आमच्यासारख्यांतली एक बाई त्या दारावरून अशी गाडीवर बसून गेली. म्हाताऱ्याला वाटलं, गाडी बिघडली.

गाव संपल्यावर मालारामनं जुती घातली. मी हात पुढं केला, तर त्यानं दोन्ही हातांनी धरला. पण "साब" म्हणणं काही सोडलं नाही.

कोल्हापुरात आल्यावर लोकांना मी किल्ला सांगितला, उंट सांगितला. इतकी वर्षं झाली. वडिलांनी बंद केलेला तो शब्द मी का उच्चारला हे मला कळतं, गाडीवरून का उतरलो हे मात्र कळत नाही. मालारामबरोबर चालायला उतरलो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण दारात तो म्हातारा दिसला होता, आणि माझे पाय तो दिसायच्या आधी खाली आले की नंतर, हे काही केल्या आठवत नाही.

शेवटी परवा रंजनाला विचारलं. ती वांगी चिरत होती.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "मी बसलेली की गाडीवर."