नमुन्याचा हात

सोनोग्राफीच्या खोलीतल्या मावशींना मशीन चालवता येत नव्हतं, पण डॉक्टरांचा नूर बरोबर ओळखता यायचा. पेशंटला आडवं करायचं, जेल लावायचं, नंतर पुसायला कागद द्यायचा, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. डॉक्टरांच्या तोंडाची टकळी चालू असली की पेशंट ठणठणीत. ते गप्प झाले की मावशी हळूच बाहेर जाऊन नातेवाइकांना म्हणायच्या, "काही नाही हो, घाबरू नका." ही आतली गोष्ट त्यांनी लेकीला कधीच सांगून टाकली होती.

त्या सकाळी मशीनचा नवा प्रोब, अंगावर टेकवून फिरवायचा तो दांडा, आला. पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या एका आजारात नसांवर गाठी होतात, त्या यात स्पष्ट दिसतात म्हणे. दुपारी तसा एक पेशंट यायचा होता. त्याआधी डॉक्टरांना निरोगी नस बघून हात बसवायचा होता.

"मावशी, नमुना म्हणून तुमचा हात द्या जरा."

"घ्या की! भांडी घासून मुरलेला आहे, एक नंबर माल."

डॉक्टर हसले. मनगटापासून प्रोब वर सरकू लागला. "ही बघा नस. कशी एकसारखी आहे! अशीच दिसली पाहिजे. आता कोपराकडे जाऊ..." आणि टकळी थांबली.

मावशींना आधी वाटलं, मशीनच अडकलं. त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. नस मध्येच फुगली होती, बारीक झाली होती, पुन्हा फुगली होती. दोऱ्यात मणी ओवावेत तशी.

"मावशी, अंगावर चहाच्या रंगाचे डाग आहेत का?"

"आहेत ना, पाठभर. आमच्या घरचा शिक्काच तो. वडिलांना होते, माझ्या लेकीला..." आणि त्यांना नात आठवली. चार वर्षांच्या नातीचे डाग त्यांनीच कौतुकाने मोजले होते. अकरा भरले. वर जावयाला चिडवलंही होतं, तुमचं काही घेतलं नाही हो पोरीने, सगळी आमच्यावर गेलीय.

डॉक्टर समजावत होते. हे डाग त्याच आजाराची खूण. बहुतेक गाठी साध्या असतात, पण लक्ष ठेवावं लागतं, आणि मुलांची तपासणी लवकर झालेली बरी. मावशींच्या कानात काहीच शिरत नव्हतं. बावीस वर्षं या पलंगाशेजारी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या घरातलं दिसलं नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. हातावरचं जेल त्यांनी पुसलं, पुसलेली जागा पुन्हा पुसली. मग बाहेर जाऊन लेकीला फोन लावला.

"उद्या छोटीला घेऊन इकडे दवाखान्यात ये."

"का गं? काय झालं?"

"काही नाही गं, घाबरू नकोस."

मग लेकीने हळूच विचारलं,

"आई, डॉक्टर गप्प झाले का?"