क्लचप्लेट आणि दादाचा कान

दादाचा डावा कान माझ्या हातानं गेला. भांडण जमिनीचं नव्हतं की घराचं नव्हतं, एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्लचप्लेटचं होतं. चूक कोणाची होती हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, पण ते त्याला सांगायला जीभ उचलेना.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आम्ही दोघा भावांनी बोईसरला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं होतं. दादा पालघरला ट्रकच्या गॅरेजात शिकलेला. मी सातपाटीला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो आणि आपल्याला सगळं येतं या तोऱ्यात असायचो. रागाचं तर विचारूच नका. आईनं वाढलेलं ताट मी लाथेनं उडवलेलं आहे.

कार एका कंत्राटदार साहेबाची होती, विलायती, दोन माणसांची, कापडी टपाची. क्लच पार जळलेला. दादानं जुनी प्लेट फडक्यात बांधली आणि आम्ही मुंबईला सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक विलायती सेट, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं देखण्या खोक्यात. दुसरी नुसती प्लेट, इथंच नवं अस्तर रिवेटनं ठोकलेली. मी खोक्यावर हात ठेवला. दादानं दोन्ही प्लेटींच्या मधल्या भोकातले दाते जुन्या प्लेटशी ताडून पाहिले आणि खोकं मागे सारलं.

"ही नंतर निघालेल्या गाडीची हाय. शाफ्टवर नाय बसायची."

मी भर दुकानात त्याला भिकारडा म्हणालो आणि काउंटरवर अशी मूठ आपटली की काचेला तडा गेला. दादानं दुकानदाराची माफी मागितली आणि ठोकलेलीच प्लेट घेतली, जोडीला नवी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग.

"हिला हात लावू नको. कोरडीच ऱ्हाऊ दे," तो घरी आल्यावर म्हणाला.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं टाकलं की गंजतं. आमच्याकडे सरळ मुशी माशाचं तेल चोळतात, आणि माझ्या बोटींचे क्लच तर तेलातच फिरायचे. दादाची पाठ वळल्यावर मी रिवेटांना तेलाचं बोट फिरवलं. मग प्लेट मीच गाडीत बसवली.

साहेब गाडी घेऊन गेला आणि पाऊण तासात चालत परत आला. रेल्वे फाटकाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं होतं आणि गाडी मागे घसरून दगडी खांबावर आदळली होती. साहेबाच्या कपाळातून रक्त येत होतं, हातात जॅकचं लोखंडी हँडल होतं. त्याच्या कामगारांनी गाडी ढकलत आणली. तिच्याखालून अजून धूर येत होता.

"किसने किया ये?"

दादा धुराजवळ वाकला, उठला आणि पुढे झाला. "प्लेट मैंने चुनी थी, साहब."

हँडल त्याच्या खांद्यावर बसलं. मी मध्ये पडायला हवं होतं. पण साहेबावर हात टाकायची माझी छाती नव्हती, आणि हात तर शिवशिवत होते. मी दादाच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो बाकावर कोसळला. पडल्यावर लाथा घातल्या. कानातून रक्त आलं तेव्हा साहेबानंच मला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं क्लच खोलला. प्लेटीचे दाते शाबूत, अस्तर नवंच्या नवं, फक्त तेलकट काळं पडलेलं. तेलामुळे ती पकड न घेता नुसती घसरत राहिली होती. माझ्या तळव्याला यायचा तोच वास तिला येत होता. मी ती खाडीत फेकून दिली.

"आता तू निवड," दादा कानात कापूस घालून म्हणाला. "माझ्या निवडीचा भरवसा नाय."

मुंबईच्या त्याच दुकानात मी हट्टानं खोक्यातली प्लेट हातात घेतली आणि दाते मोजले. जुन्या प्लेटीपेक्षा दोन जास्त होते. मुकाट्यानं ठोकलेली प्लेट घेतली, कोरडी बसवली, आणि गाडी चढ चढून गेली. साहेबानं माझी पाठ थोपटली. "बरी निवडलीस," दादा म्हणाला.

त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. महिन्याभरानं तो पाने पुसत बसला होता, तेव्हा मी त्याच्या डाव्या बाजूला, मुद्दाम त्याच बाजूला बसून पुटपुटलो, "प्लेट चांगली होती. तेल मी लावलं होतं."

त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मला सगळं पुन्हा, मोठ्यानं बोलावं लागलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "धुराला मुशीच्या तेलाचा वास होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"साहेबाच्या हातात हँडल होतं," दादा म्हणाला आणि पुढचा पाना उचलून पुसू लागला.